हतनूरच्या पाण्यासाठी जुनी ॲल्युमिनियमची नाव: पोचे काढून रंगवायची आहे

वाघूरकाठ · ८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मंडळी, राम राम.

गेल्या महिन्यात भंगारात एक नाव हाती लागली. बारा फुटी, ॲल्युमिनियमची, रिबिटांची. मामा मच्छीमार सोसायटीत आहेत, त्यांच्या परवानगीने तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात चांगदेवच्या बाजूला चालवायची आहे. आतून ठीक आहे. बाहेरून मात्र अवतार झालाय. सगळ्यात वर कुणीतरी घराच्या दाराला लावतात तो हिरवा ऑइल पेंट फासलाय, त्याखाली करडा, त्याखाली निळा. नखाने पापुद्रे निघतात आणि पापुद्र्याखाली पांढरी भुकटी. तळाला नऊ पोचे आहेत, त्यातला एक तर ताटलीएवढा. शिवणींवर रबरासारखं काहीतरी थापलंय.

गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "पुटी भरून, लांबी मारून, मोटारीसारखी चकाचक करून देतो, १४ हजार." मला घरीच करायचं आहे. अंग एकदम गुळगुळीत हवं. कुणी केलंय का असं काम?

गिरणाकाठ · ८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

नाव पाण्यात घालायची का वरातीत काढायची, भाऊ? 😀

भंगार_टू_शृंगार · ८ फेब्रुवारी, रात्री १०:३१

सोप्पं काम आहे. रंग काढायला कॉस्टिक सोडा पाण्यात कालवून रात्री फासून ठेवा, सकाळी रंग पापडासारखा निघतो. मी लोखंडी गेट असंच साफ केलं. मग रेड लेडचा, म्हणजे शिशाच्या लाल अस्तराचा, एक हात आणि वर ऑइल पेंट. दोन दिवसांत मोकळे.

रसायनवाले_सर · ८ फेब्रुवारी, रात्री १०:४४

वाघूरकाठ, वरचं काहीही करू नका, कृपा करून. कॉस्टिक सोडा लोखंडाला फारसं काही करत नाही, पण ॲल्युमिनियम तो खातो, आणि खाताना हायड्रोजन वायू सोडतो. सकाळी रंग निघेल हे खरं, पण त्याच्यासोबत पत्राही निघालेला असेल.

रेड लेडचंही तेच. शिसं, तांबं, पारा असलेला रंग ॲल्युमिनियमला लावायचा नाही. दोन वेगळे धातू ओले झाले की बॅटरी तयार होते आणि त्या बॅटरीत झिजायचं काम कायम ॲल्युमिनियमकडे येतं. एक अपवाद जस्ताचा: तो ॲल्युमिनियमच्या आधी स्वतः झिजतो, म्हणून त्याला इथे हरकत नाही.

भंगार_टू_शृंगार · ८ फेब्रुवारी, रात्री १०:५८

बरं झालं सांगितलंत सर. मी गेटच्या हिशेबाने बोललो.

पेंटशॉपवाले_काका · ९ फेब्रुवारी, सकाळी ६:१२

भाऊ, मी ३१ वर्षं वर्कशॉपात रंगकामच केलं, आता भुसावळला घरी बसून आहे. नाव कधी रंगवली नाही, पण ॲल्युमिनियमचे पत्रे भरपूर रंगवलेत, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे तुमच्या डेंटिंगवाल्याला नको म्हणा. तो माणूस वाईट नाही, त्याचा माल वेगळ्या कामाचा आहे. मोटारीची पुटी पॉलिस्टरची असते, त्यात शंखजिरे असतं, आणि ते पाणी पितं. दारावर चालतं, कारण पाऊस ओघळून जातो. नाव तासन्‌तास पाण्यात बसते. एका पावसाळ्यात पुटीखाली फोड येतील, नंतर पुटी टिकलीसारखी निघेल. पाण्याखालच्या भागाला फक्त इपॉक्सीची पुटी. ती महाग आहे आणि घासताना जीव घेते, पण दुसरा मार्ग नाही.

दुसरं, ॲल्युमिनियमवर रंग का टिकत नाही हे आधी समजून घ्या. घासलेला पत्रा चमकतो, तुम्हाला वाटतं साफ झाला. पण हवा लागली की लगेच त्यावर ऑक्साइडची साय धरायला लागते. ती पत्र्याला राखते, पण प्रायमरला, म्हणजे रंगाखालच्या अस्तराला, नीट धरू देत नाही. म्हणून सकाळी घासलेल्या भागाला दुपारच्या आत प्रायमर लागलाच पाहिजे. आज पूर्ण नाव घासू, रविवारी प्रायमर मारू, असं केलंत तर घासणं फुकट. जेवढं एका दमात प्रायमर करता येईल तेवढंच उघडं करा.

आणि तो निळा थर नीट बघा. त्याच्याखाली पिवळट हिरवा थर आहे का?

वाघूरकाठ · ९ फेब्रुवारी, रात्री ८:२०

काका, आहे! पोपटी-पिवळा. तो मात्र नखाने निघत नाही, चाकूनेही नाही.

पेंटशॉपवाले_काका · ९ फेब्रुवारी, रात्री ८:५१

मग तो झिंक क्रोमेटचा प्रायमर असणार. ज्याने पहिल्यांदा रंगवली त्याला काम कळत होतं. जिथे तो घट्ट आहे तिथे तसाच ठेवा, उकरू नका. कोरडा तर मुळीच घासू नका. त्यातल्या क्रोमियमची धूळ फुप्फुसात गेली तर कॅन्सरचं कारण होते. वॉटर पेपरने, पाणी टाकत, वरवर खडबडीत करायचा आणि तो गाळ अंगणात न सांडता गोळा करायचा. नवीन घेताना झिंक फॉस्फेटवाला प्रायमर बघा, क्रोमेटच्या वाटेला जाऊ नका.

धडगावकर · ९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

आमच्याकडे नर्मदेच्या फुगवट्यात नाव म्हणजे एस.टी. आहे. दवाखानासुद्धा बोटीतून येतो. सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरलं की जुनी झाडं, कुंपणं सगळं पाण्याखाली जातं, उतरलं की त्याच खोडांवर नाव घासते. म्हणून अनुभवाचं सांगतो, तळ आरशासारखा करायच्या फंदात पडू नका. पहिल्याच खेपेला काठावर ओढताना ओरखडे येतात. बाजू करा छान, फोटोत तीच दिसते. तळाला रंग चिकटला आणि पाणी आत आलं नाही म्हणजे झालं.

वाघूरकाठ · ११ फेब्रुवारी, रात्री १०:१५

धडगावकर, मन मानत नाही, पण पटतंय.

एक चूक आधीच करून बसलोय, ती सांगून टाकतो. रविवारी उत्साहात ग्राइंडरला लोखंडी तारेचा गोल ब्रश लावून डाव्या बाजूचा दोन फूट भाग घासला. काय चमकला! रात्री नाव उघड्यावर होती, दव पडलं. आज सकाळी त्या चमकलेल्या भागावर तपकिरी ठिपके, गव्हावर तांबेरा पडावा तसे. ॲल्युमिनियमला गंज कसा काय?

रसायनवाले_सर · ११ फेब्रुवारी, रात्री १०:४०

तो गंज ॲल्युमिनियमचा नाही, तुमच्या ब्रशचा आहे. तारेचे बारीक तुकडे मऊ पत्र्यात रुतलेत आणि ते गंजलेत. असेच ठेवून वरून रंग दिलात तर प्रत्येक ठिपक्याखाली एक छोटी बॅटरी चालू राहील. लोखंडी तार, लोखंडी घासणी, आणि ज्या पेपरने आधी लोखंड घासलं तो पेपर, तिन्ही बाद. हिरवी नायलॉन घासणी किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पेपर वापरा. स्टीलचा ब्रश हवाच असेल तर स्टेनलेसचा, नवा, आणि तो फक्त या नावेसाठीच.

पेंटशॉपवाले_काका · १२ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

८० नंबरच्या पेपरने तो भाग पुन्हा घासा, मग १२०. ८० पेक्षा जाडा पेपर नको, खोल चरे पडले की ते भरायला वेगळी पुटी लागते. ग्राइंडरची दगडी चकती तर लावूच नका, ॲल्युमिनियम तिच्यात भरून बसतं, चकती तापते आणि फुटू शकते. लोखंड कापायचं काम त्याच शेडमध्ये चालू असेल तर ॲल्युमिनियमची धूळ आधी झाडून घ्या, ती पेट घेते.

पण घासायच्या आधी थिनरने पुसणं. हा क्रम उलटा झाला की तेल पत्र्यात चोळलं जातं. दोन फडकी घ्यायची: एकाने ओलं पुसायचं, दुसऱ्याने वाळायच्या आत टिपायचं. मग पाणी मारून बघायचं. पाणी चादरीसारखं पसरलं तर पत्रा स्वच्छ, मोत्यासारखे थेंब झाले तर अजून तेल आहे.

पक्षीवेडी · १२ फेब्रुवारी, दुपारी १:२२

रंगाआधी गळती बघितली का? आमच्या ओळखीत एकांनी नाव सुंदर रंगवली आणि मग रिबिटं गळतात म्हणून पुन्हा ठोकली. नवा रंग गेला.

वाघूरकाठ · १६ फेब्रुवारी, रात्री ९:००

पक्षीवेडी, मोठं काम वाचवलंत.

आज नाव चार जुन्या टायरांवर ठेवून आत पाणी भरलं. मामा म्हणाले, काठोकाठ भर. मी हिशेब केला: चार बोटं पाणी म्हणजेच अडीच-तीनशे किलो. काठोकाठ भरलं असतं तर पाण्याआधी नावच फुटली असती. चार बोटांवर थांबलो. जिथे थेंब आला तिथे बाहेरून खडूने गोल. एकूण २३ गोल, त्यातले निम्मे त्या मोठ्या पोचाच्या आजूबाजूला.

मग मी आत हातोडी घेऊन आणि धाकटा भाऊ बाहेरून रिबिटाच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा टेकवून. आधी वाटलं ठोकळ्याने काय होणार. न टेकवता ठोकलं तर रिबीट नुसतं नाचतं. टेकवला की एका ठोक्यात बसतं. २३ पैकी १९ बसली. चार ढिली ती चारच, ती बदलावी लागणार. पॉप रिबीट चालेल?

पेंटशॉपवाले_काका · १६ फेब्रुवारी, रात्री ९:२६

साधं पॉप नको. त्याच्या मधोमध भोक राहतं आणि आतला खिळा लोखंडी असतो, तोच पुढे गंजतो. भरीव रिबीट मिळालं तर उत्तम, नाहीतर बंद तोंडाचं ॲल्युमिनियमचं पॉप, तेही पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटमध्ये बुडवून. सिलिकॉन नको. शिवणीवर रबरासारखं थापलंय म्हणालात ते काय आहे?

वाघूरकाठ · १६ फेब्रुवारी, रात्री ९:३५

बहुतेक बाथरूममध्ये लावतात ते सिलिकॉनच आहे. 😐

पेंटशॉपवाले_काका · १६ फेब्रुवारी, रात्री ९:५८

मग खरं काम इथून सुरू. सिलिकॉनवर जगातला कुठलाही रंग बसत नाही. आणि ते थिनरने विरघळत नाही, फक्त पसरतं. रंग दिल्यावर गोल गोल खड्डे पडतात, आमच्याकडे त्याला माशाचे डोळे म्हणायचे. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सगळं खरवडून काढा, मग सिलिकॉन काढायचं खास द्रावण मिळतं ते वापरा. ज्या फडक्याने सिलिकॉन पुसलं ते लगेच टाकून द्या, दुसरीकडे फिरवू नका. हे सगळं होईपर्यंत त्या शिवणीला पेपर लावू नका, नाहीतर पेपरसोबत ते पूर्ण अंगावर फिरेल.

गिरणाकाठ · १६ फेब्रुवारी, रात्री १०:१०

मासे पकडायची नाव, डोळे आधीच आले. चांगला शकुन शे.

वाघूरकाठ · ९ मार्च, रात्री ८:४५

तीन आठवडे फक्त सिलिकॉन आणि पोचे.

पोच्यांसाठी शेवटी गावातले एक म्हातारे कासार कामी आले. त्यांनी आयुष्यभर हंडे-कळशांचे पोचे काढले. नाव बघून म्हणाले, "ही तर मोठी परातच." बाहेरून वाळूची पिशवी टेकवायची आणि आतून लाकडी मोगरीने पोचाच्या कडेकडेने गोल गोल ठोकत मध्यावर यायचं. मी मध्यावर ठोकायला गेलो तर हात धरला. मध्यावर ठोकलं की पत्रा ताणतो आणि नंतर डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर होतो. तापवूनही दिलं नाही. म्हणाले, लोखंड लाल होऊन सांगतं, हे न सांगता खाली पडतं.

सात पोचे जवळपास गेले. ताटलीवाला निम्मा उरला. तो पुटीने भरू का?

रसायनवाले_सर · ९ मार्च, रात्री ९:२०

कासारबाबांचं म्हणणं तंतोतंत खरं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी रंग बदलून इशारा देत नाही.

पुटीबद्दल एक आकडा देतो. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर वाढतं. तुमची नाव पहाटे १५ अंशांवर आणि मे महिन्याच्या उन्हात ६० अंशांवर असेल, तर तिच्या लांबीत जवळपास पावणेचार मिलिमीटरचा फरक पडतो. पुटीचा थर जितका जाड, तितकी ती या ओढाताणीत फुटणार. वर पत्रा लाटेने लवतोही.

पेंटशॉपवाले_काका · १० मार्च, सकाळी ६:००

सरांनी बरोबर सांगितलं. दोन-तीन मिलिमीटरच्या वर पुटी नाही. उरलेला पोचा राहू द्या.

क्रम असा ठेवा. घासलेल्या उघड्या पत्र्यावर टू-पॅक (हार्डनर कालवून लावायच्या) इपॉक्सी प्रायमरचा एक हात. तो खडबडीत करून त्यावर इपॉक्सी पुटी. पुटी घासून पुन्हा प्रायमर. उघड्या पत्र्यावर थेट पुटी लावली तर ती घासेपर्यंत आजूबाजूचा पत्रा पुन्हा साय धरतो.

दुकानदार वॉश प्रायमर देईल, आम्लवाला. तो वाईट नाही, पण त्यावर इपॉक्सी चालतं की नाही ते डब्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, बऱ्याचदा चालत नाही. आम्ल आणि इपॉक्सीचा हार्डनर यांचं पटत नाही. एकच पद्धत धरा.

आणि पुटी हाताच्या बोटांनी घासायची नाही. दीड-दोन फुटी लवचिक पट्टीला पेपर चिकटवा आणि तिरक्या फुलीने घासा. हात खड्ड्यात शिरतो, पट्टी शिरत नाही. घासायच्या आधी काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारा. घासल्यावर जिथे काळं उरलं तिथे खड्डा, जिथे पत्रा दिसला तिथे उंचवटा. डोळ्याला न दिसणारं सगळं त्यात दिसतं.

पक्षीवेडी · १० मार्च, दुपारी १२:४०

रंग कोणता देणार? चकचकीत पांढरा दिलात तर हतनूरची बदकं तुम्हाला कोसावरून बघतील. मॅट, मातकट हिरवा किंवा करडा द्या. मॅटमध्ये उरलेले पोचेही दिसत नाहीत. फक्त फार गडद नको, आपल्याकडच्या उन्हात बसायला जागा तव्यासारखी होईल.

जलविहारी · १० मार्च, दुपारी ३:१५

मुंबईला बोटींच्या तळाला लाल रंग लावतात, शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून. तो मागवू का तुमच्यासाठी? माझा भाचा तिथे आहे.

रसायनवाले_सर · १० मार्च, दुपारी ४:०२

नको हो. त्यातल्या बऱ्याच रंगांत तांब्याचा ऑक्साइड असतो. ॲल्युमिनियमला विषच. आणि समुद्रात तळाला चिकटतात तसले शिंपले इथल्या गोड्या पाण्यात कुठले, काम झालं की नाव बाहेर ओढायची आहे. भाच्याला केळी पाठवा आमच्यातर्फे.

वाघूरकाठ · २१ एप्रिल, रात्री ९:१०

प्रायमर झाला, पुटी झाली, बाजू घासून ३२० पर्यंत आणल्या. तळ धडगावकरांच्या सल्ल्याने १८० वर सोडला. कमरेची वाट लागली.

आज वरचा पीयू रंग लावायला घेतला. दुपारी बाराला अर्धा लिटर रंग हार्डनर घालून कालवला, डब्यावर चार तास टिकतो असं लिहिलंय. पाऊण तासात मगात जेली! ब्रश आत उभा राहिला. बाहेर ४४ अंश. मगाला हात लावला तर तोही गरम.

पेंटशॉपवाले_काका · २२ एप्रिल, सकाळी ५:५०

भाऊ, तो चार तास साधारण २५ अंशांचा हिशेब असतो. दर दहा अंशांना वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. वर मिश्रण स्वतःही तापतं, ढीग मोठा तितकं लवकर. भुसावळच्या एप्रिलमध्ये दुपारी बाराला टू-पॅक उघडणं म्हणजे दुधाला विरजण लावून चुलीवर ठेवणं.

पहाटे साडेचारला उठा, शेडमध्ये, पत्रा हाताला थंड लागतो तोवर. एका वेळी पावशेर, पसरट भांड्यात. संथ वाळणारा थिनर मागा. तापल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आत वाळतो आणि सालीसारखा खडबडीत दिसतो. रोलरने लावा आणि लगेच मऊ ब्रश टोकाने फिरवा.

फवारा मारायचा मोह होईल, मारू नका. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्याचं धुकं छातीत गेलं की दमा लागतो, आणि कापडी मास्क किंवा साधा धुळीचा मास्क ते अडवत नाही. ब्रशने लावतानाही वाफ अडवणारा काडतुसाचा (कार्ट्रिजचा) मास्क घाला.

वाघूरकाठ · ४ मे, सकाळी ८:३०

काका, पहाटे पावणेपाचला सुरू, सातला बंद. तीन दिवस, तीन हात. मातकट हिरवा, मॅट. डाव्या बाजूला हात फिरवला तर काचच. तिसऱ्या दिवशी सहा वाजता वावटळ आली आणि काळ्या रानाची माती उजव्या बाजूला चिकटली. ती रंग कडक झाल्यावर घासून पुन्हा करीन.

धडगावकर · ४ मे, सकाळी ९:१५

उजवी बाजू करूच नका. काळी माती शे, रंगापेक्षा टिकंल. 😄

वाघूरकाठ · ८ जून, रात्री ९:५५

काल नाव पाण्यात उतरवली. धरणाचे ४१ दरवाजे उघडायची वेळ आली की सोसायटी कुणालाच आत जाऊ देत नाही, म्हणून घाई केली. दोन तास फिरलो, आत पेलाभर पाणीसुद्धा नाही. मामा पहिल्यांदा "बरी झाली" म्हणाले.

खोट एकच. मागच्या शिवणीवर हाताच्या तळव्याएवढा रंग सालपटासारखा निघाला. खाली बोट फिरवलं तर गुळगुळीत, मेणचट. सिलिकॉन राहिलं होतं तिथे. दिवाळीनंतर तेवढा भाग पहिल्यापासून करतो.

आईने उतरवायच्या आधी नाकावर कुंकू लावलं, नारळ फोडला आणि नावेत तांब्याचं नाणं ठेवलं, तापीमाईचं.

रसायनवाले_सर · ८ जून, रात्री १०:०४

नाणं कुठे आहे?

वाघूरकाठ · ८ जून, रात्री १०:०९

आत. बहुतेक फळीखाली घरंगळलं.

रसायनवाले_सर · ८ जून, रात्री १०:११

फळीखाली पाणी साचतं ना? ओल्या ॲल्युमिनियमवर तांब्याचं नाणं पडून राहिलं तर त्याच मापाचा खड्डा पडेल, पुढे आरपार भोक. २३ रिबिटं ठोकलीत ती कशासाठी?

वाघूरकाठ · ९ जून, सकाळी ७:२०

रात्री बॅटरी घेऊन गेलो. तीन फळ्या उचकटल्या. नाणं मिळालं, शेवटच्या रिबिटाला टेकून होतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग ते तापीतच टाकायचं होतं, मी नावेत ठेव म्हटलंच नव्हतं, तुझ्या हातात दिलं होतं."